बेकारीचा दाखला : इंग्लंडांतील बेकारी-भत्त्याच्या मागणीचा कागदोपत्रीं इतिहास

(१) बाबरनाम्याच्या हैदराबाद येथील तुर्की प्रतीचें छायामुद्रण १९०५ सालीं प्रसिद्ध करणाऱ्या व पुढें त्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर सिद्ध करणाऱ्या ॲनेट बेव्हरिज या विदुषीचें नांव हस्तलिखितांच्या व्यासंगी वाचकांस नवें नाहीं. गुलबदन बेगमेचा हुमायूननामाहि याच बाईंनीं १९०२ सालीं इंग्रजींत आणिला. त्यांचे पति हेन्री बेव्हरिज हे बंगाल्यांत सनदी नोकरींत न्यायाधीश होते. अकबरनाम्याचें भाषांतर हें त्यांचें मोठें काम होय. या दांपत्यास ५ मार्च १८७९ रोजीं रंगपूर येथें जो पुत्र झाला, तो विल्यम बेव्हरिज. आईबापांनीं मोंगल घराण्याच्या पोथ्या लाविल्या. पुत्राच्या आयुष्याचा बराच भाग एका निराळ्याच जातीच्या कागदांत गेला. काम सुटलेल्या मजुराचें पुस्तक, त्यावर डकविलेलीं तिकिटें, रोजच्या सहीचा पट, आणि मागणी नामंजूर झाल्याची चिठी, हे ते कागद. इंग्लंडांतील बेकारी-भत्त्याची व्यवस्था ज्या थोड्या लोकांनीं प्रथम उभी केली त्यांत विल्यम बेव्हरिज हे एक प्रमुख होते.

या कागदांवर सोनेरी वेलबुट्टी नाहीं, कीं कोणा छत्रपतीची मुद्रा नाहीं. म्हणून आमच्या मंडळींचें लक्ष तिकडे सहसा जात नाहीं. परंतु सनदेस किंवा महजरास जे प्रश्न आपण विचारतों, तेच यांसहि विचारतां येतात. कागद कोणीं लिहिला, कोणाच्या सांगण्यावरून लिहिला, तो कोणाच्या हातीं राहिला, आणि वाद पडला तर पुरावा देण्याचा भार कोणावर होता? प्रस्तुत लेखांत या प्रश्नांच्या अनुरोधानें १९११ पासूनचा इतिहास पाहावयाचा आहे.

(२) आमचें म्हणणें प्रथमच सांगून टाकितों. बेकारी-भत्त्याचा इतिहास लिहितांना बहुतेक लेखक रकमेचा विचार करितात. किती शिलिंग होते, किती झाले, किती कापले. रकमेस महत्त्व आहेच. पण मागणी करणाऱ्या माणसाचें बरेंवाईट रकमेपेक्षां पुराव्याच्या नियमावर अधिक अवलंबून राहिलें, असें हे कागद पाहिल्यावर दिसून येतें. कायद्यांत हक्क लिहिलेला असे, तिजोरींत पैसाहि असे. परंतु ‘मी बेकार आहें’ हें कशानें सिद्ध व्हावयाचें याचा नियम पालटला कीं तोच हक्क हातीं येई अथवा निसटून जाई.

महाराष्ट्रांतील वाचकांस हें समजावून देण्याची फारशी गरज नाहीं. १८५२ च्या ११ व्या कायद्यानें इनाम कमिशनचें काम चालूं झालें, तेव्हां पिढ्यान् पिढ्या जमीन खाणाऱ्या इनामदारांवर आपला हक्क शाबीत करण्याचा भार आला. ज्यांच्या दप्तरांत कागद नीट राहिले होते ते पुष्कळसे तरले. ज्यांचे कागद वाळवीनें किंवा आगीनें खाल्ले होते त्यांची बाजू दुबळी पडली. इनामदार व इंग्लंडांतील बोटी बांधणारा लोहार यांच्या स्थितींत दुसरें कांहीं साम्य नाहीं. पण सरकारी मेजासमोर उभें राहून ‘माझें मला द्या’ म्हणण्याचा प्रसंग दोघांवरहि आला, आणि दोघांसहि प्रथम ‘पुरावा काय?’ असेंच विचारलें गेलें.

(३) १९११ पूर्वीं इंग्लंडांत काम सुटलेल्या धडधाकट माणसास सरकारी मदत मागावयाची तर गरिबांच्या कायद्याचा आश्रय करावा लागे. १८३४ सालीं या कायद्यास जें नवें रूप आलें त्याचें तत्त्व असें होतें, कीं मदत घेणाराची स्थिति अगदीं खालच्या दर्जाच्या स्वतंत्र मजुराहूनहि कमी सुखाची असावी. त्यासाठीं ‘वर्कहाउस’ नांवाचीं अनाथगृहें होतीं. ज्यास गरज आहे तो आंत येईल, आणि जो येणार नाहीं त्यास गरज नाहीं, असा तो हिशेब. म्हणजे येथें कागदाची जरूरच ठेविली नव्हती; माणसानें पत्करलेली अप्रतिष्ठा हाच त्याच्या गरजेचा पुरावा समजत.

याच काळांत दुसरी एक रीत मजुरांच्या स्वतःच्या संघांत चालूं होती. कसबी कारागिरांच्या कित्येक संघांत वर्गणीदार सभासदाचें काम सुटलें कीं त्यास संघाच्या निधींतून कांहीं आठवडे पैसे मिळत. त्यासाठीं तो संघाच्या ठिकाणीं ठेविलेल्या वहींत रोज सही करी. सही आहे तर माणूस गांवांत आहे व रिकामा आहे. आणि कोठें जागा रिकामी झाल्याची बातमी आली तर वहींतील नांवावरून त्यास धाडतां येई. पुढें सरकारनें जी पद्धति उभारली तींत या वहीची छाया स्पष्ट दिसते.

(४) विल्यम बेव्हरिज यांचा बेकारीवरील ग्रंथ १९०९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांचें प्रतिपादन थोडक्यांत असें होतें, कीं बेकारी ही माणसाच्या आळसाची गोष्ट नसून उद्योगधंद्यांच्या घडणीची गोष्ट आहे. त्या वेळीं व्यापार-खात्याचे मंत्री विन्स्टन चर्चिल होते व खात्याचे मुख्य चिटणीस ह्यूबर्ट ल्युएलिन स्मिथ. १९०९ च्या कायद्यानें ‘लेबर एक्स्चेंज’ म्हणजे काम देणारा व काम मागणारा यांची गांठ घालून देणाऱ्या कचेऱ्या निघाल्या. १ फेब्रुवारी १९१० रोजीं पहिल्या ६२ कचेऱ्या उघडल्या आणि त्यांचें संचालकत्व बेव्हरिज यांजकडे आलें.

या कचेरीचें पुराव्याच्या दृष्टीनें महत्त्व फार आहे. मागणी करणारा खरोखर काम शोधतो कीं नाहीं, याची चौकशी त्याच्या तोंडून करण्याचें कारण नव्हतें. कचेरीनें त्यास काम दाखवावें. त्यानें तें घेतलें तर प्रश्न मिटला. विनाकारण नाकारलें तर भत्ता बंद. आणि कचेरीपाशींच दाखविण्यासारखें काम नसेल तर तो बेकार आहे हें कचेरीच्याच दप्तरानें सिद्ध झालें. भार मजुराच्या शिरावरून काढून बराचसा कचेरीच्या शिरावर ठेविला होता.

१९११ सालचा राष्ट्रीय विम्याचा कायदा १६ डिसेंबर रोजीं मंजूर झाला. त्याच्या दुसऱ्या भागांत बेकारीचा विमा आहे. घरबांधणी, बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रकाम, लोखंडाचें ओतकाम, गाड्यांची बांधणी व लांकूड कापण्याच्या गिरण्या, या सात धंद्यांतील सुमारें साडेबावीस लक्ष कामगार त्यांत आले. आठवड्यास मजुराचे अडीच पेन्स, मालकाचे अडीच पेन्स, आणि दोहोंच्या बेरजेच्या एकतृतीयांश सरकारची भर, असा निधि जमे. वर्गणी १५ जुलै १९१२ पासून सुरू झाली व भत्ता १९१३ च्या जानेवारीपासून मिळूं लागला. भत्ता आठवड्यास ७ शिलिंग. पांच वर्गण्यांस एक आठवडा या प्रमाणानें. व बारा महिन्यांत फार तर १५ आठवडे.

(५) आतां मागणीची रीत पाहूं. विमा असलेल्या धंद्यांत शिरणाऱ्या मजुरास कचेरींतून एक पुस्तक मिळे. कामावर लागतांना तो तें मालकाच्या स्वाधीन करी. मालक पोस्टांतून विम्याचीं तिकिटें आणून दर आठवड्यास एक तिकीट पुस्तकांतील घरांत डकवी, व मजुराचा वांटा पगारांतून वळता करी. काम सुटलें कीं पुस्तक मजुराच्या हातीं परत येई. तें घेऊन त्यानें कचेरींत जावें, मागणीचा छापील अर्ज भरावा, शेवटच्या मालकाचें नांव व काम सुटण्याचें कारण लिहावें, आणि पुस्तक तेथें जमा करावें. यापुढें कामाच्या वेळेंत कचेरींत हजर होऊन सही करीत राहावें. पहिला आठवडा कोरडा जाई. दुसऱ्यापासून भत्ता चालूं होई. दरम्यान कचेरी मालकाकडे चौकशी करून काम सुटण्याचें कारण पडताळून पाही.

या पुस्तकाची योजना मार्मिक होती असें आम्हांस वाटतें. पुस्तक एकच असल्यामुळें तें एका वेळीं एकाच ठिकाणीं असणार. तें मालकापाशीं असेल तर माणूस कामावर आहे. कचेरींत असेल तर माणूस रिकामा आहे. वर्गणी किती भरली हें तिकिटें मोजून कोणासहि सांगतां येई. यांत मजुराच्या चालचलणुकीची, घरच्या स्थितीची किंवा मनांतील हेतूची विचारपूस नव्हती. योजनेचा विचार चालला असतां १९०९ च्या जून महिन्यांत चर्चिल यांनीं एक टिपण लिहिलें होतें. गणित व नीति यांची भेसळ आपणांस रुचत नाहीं, आणि दारूपायीं नोकरी गमावलेल्या माणसानेंहि वर्गणी भरली असेल तर त्याचा भत्ता अडविण्याचा अधिकार आपणांस आहे याची खात्री वाटत नाहीं, असा त्याचा आशय होता. कायद्यांत मात्र एवढी सढळ दृष्टि राहिली नाहीं. गैरवर्तनामुळें काम गेलें, किंवा योग्य कारणावांचून माणसानें आपण होऊन सोडलें, तर सहा आठवडे भत्ता मिळत नसे. आणि ज्या ठिकाणीं तो कामास होता तेथेंच संप किंवा टाळेबंदी होऊन काम थांबलें असेल तर तें थांबलेलें असेपर्यंत मिळत नसे. उलट, संपामुळें रिकामी झालेली जागा किंवा चालू दराहून कमी मजुरीचें काम नाकारलें म्हणून कोणाचा भत्ता जात नसे.

मागणीचा निकाल प्रथम विमा-अधिकारी देई. तो मान्य नसल्यास एका मंडळाकडे दाद मागतां येई. या मंडळांत एक अध्यक्ष, मालकांच्या बाजूचा एक व कामगारांच्या बाजूचा एक, असे बसत. त्याच्यावर ‘अंपायर’ हा अखेरचा निवाडा देणारा. या अंपायरचे निवाडे छापून प्रसिद्ध होत. जहाजावरील कोणा रंगाऱ्यानें फोरमनशीं भांडण केलें तें गैरवर्तन होय कीं नव्हे, आजारी बायकोसाठीं गांव सोडला तें योग्य कारण होय कीं नव्हे, अशा लहानसहान प्रश्नांवर निर्णय होत होत त्यांचा मोठा संग्रह झाला. आमच्याकडील निवाडपत्रें व महजर यांवरून जसें गांवगाड्याचें चित्र उभें राहतें, तसें इंग्लंडांतील कामकरी वर्गाच्या रोजच्या व्यवहाराचें चित्र उभें करण्यास हें साधन उत्तम आहे.

(६) पहिलें महायुद्ध संपलें आणि ही मोजकी व्यवस्था मोडली. १९१८ च्या नोव्हेंबरांत सैन्यांतून व दारूगोळ्याच्या कारखान्यांतून सुटणाऱ्या लोकांस वर्गणीचा विचार न करितां तात्पुरता भत्ता देण्यांत आला. त्यांत मुलांसाठीं निराळी रक्कम होती. १९२० च्या कायद्यानें शेतकाम व घरकाम हीं सोडून बहुतेक धंदे विम्याखालीं आले आणि विमेदारांची संख्या एक कोटीवर गेली. लागलीच व्यापार बसला. १९२१ च्या उन्हाळ्यांत बेकारांची संख्या २० लक्षांहून अधिक झाली. वर्गणीच्या हिशेबानें मिळणारे आठवडे संपले, तरी माणसें उपाशी ठेवितां येईनात. तेव्हां वर्गणीच्या पलीकडचा भत्ता द्यावा लागला. ‘डोल’ हा शब्द लोकांच्या व वर्तमानपत्रांच्या तोंडीं झाला तो याच सुमारास.

जेथें तिकिटांचा पुरावा संपला तेथें दुसरा पुरावा हवा होता. १९२१ च्या मार्चमधील कायद्यानें वर्गणीबाहेरच्या भत्त्यास अशी अट घातली, कीं मागणी करणारानें आपण पूर्ण वेळेचें काम मनापासून शोधीत आहों व तें मिळत नाहीं, हें दाखवून दिलें पाहिजे. १९२४ सालीं मजूरपक्षाच्या सरकारनें भत्ता वाढविला, पण त्याबरोबर ही अट सर्वच मागण्यांस लावली. म्हणजे ज्याच्या पुस्तकांत तिकिटें पुरीं भरलेलीं होतीं त्यासहि आतां मन उघडून दाखवावें लागलें. अंपायरनेंहि असा निर्णय दिला कीं या प्रकरणीं मुख्यतः पाहावयाचें तें अर्जदाराच्या मनाची स्थिति.

मनाची स्थिति कोणत्या कागदावर उतरते? मजूर स्थानिक समितीपुढें उभा राही, आणि प्रश्न होत : गेल्या आठवड्यांत कोठें कोठें गेलांत? कोणास भेटलांत? त्या आधल्या दिवशीं? ज्या गांवांत एकच खाण व एकच कारखाना आणि दोन्ही बंद, तेथेंहि हेच प्रश्न. त्या बंद फाटकांशीं रोज जाऊन यावें हा पुरावा. जाण्यांत अर्थ नाहीं म्हणून घरीं बसला तर मन नाहीं हें सिद्ध. ज्यास नांवें पाठ करून धिटाईनें सांगतां येत तो सुटे. जो भिडस्त किंवा थोडक्या शब्दांचा, त्याची मागणी जाई. विवाहित स्त्रियांवर या अटीचा भार विशेष पडला. घर संभाळणारी बाई मनापासून काम शोधीत असेल हें समित्यांस पटेना.

या विषयावर ॲलन डीकन यांनीं १९७६ सालीं ग्रंथ लिहिला आहे. मार्च १९२१ ते मार्च १९३० या नऊ वर्षांत या एका अटीखालीं नामंजूर झालेल्या मागण्या जवळजवळ ३० लक्ष भरतात. हा आंकडा मागण्यांचा आहे, माणसांचा नव्हे. एकाच माणसाची मागणी दोनदां-तीनदां फेटाळली गेली असेल हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. तरीहि त्याचा अर्थ लहान होत नाहीं. निधि तोच, पुस्तक तेंच, कचेरी तीच. केवळ पुरावा देण्याचा भार फिरला, आणि एवढे लोक दारावरून परतले.

या काळांत लोकांनीं आपला मार्ग कसा काढिला हेंहि सांगितलें पाहिजे. १९२१ सालीं बेकार कामगारांची एक राष्ट्रीय चळवळ उभी राहिली. तिचे पुढारी वॉल हॅनिंग्टन. मोर्चांमुळें तिचें नांव झालें, पण तिचें अधिक टिकाऊ काम निराळें होतें. तिच्या शाखांतील माणसें नियम व अंपायरचे निवाडे वाचीत, अर्जदारास उत्तर कसें द्यावें हें समजावीत, आणि दाद मागण्याच्या वेळीं त्याच्या बाजूनें उभीं राहत. शाळा लवकर सोडलेल्या कामगारांनीं कायद्याचें हें किचकट शास्त्र आपलेंसें केलें. आमच्याकडे मोडी वाचणारा कारकून कुणब्याचा कागद त्यास वाचून दाखवी तशी ही विद्या होती. फरक इतकाच, कीं येथें कुणब्यानेंच मोडी शिकून घेतली.

ही अट काढावी कीं कशी पालटावी याचा विचार करण्यास १९२९ सालीं मॉरिस समिति नेमली गेली. मजूर-खातें त्या वेळीं मार्गारेट बाँडफील्ड यांजकडे होतें. ब्रिटिश मंत्रिमंडळांतील त्या पहिल्या स्त्री. त्यांचा पहिला मसुदा त्यांच्याच पक्षाच्या सभासदांस पुरेसा वाटला नाहीं, व त्यांच्या आग्रहानें कलम बदललें. १९३० च्या मार्चपासून नवा नियम आला. कचेरीनें योग्य काम दाखविलें व तें विनाकारण नाकारलें, किंवा कचेरीनें दिलेली लेखी सूचना पाळली नाहीं, तरच भत्ता थांबावयाचा. ‘लेखी’ हा शब्द आमच्या वाचकांनीं लक्षांत घ्यावा. मनाची परीक्षा संपून पुन्हां कागद आला, आणि तो कागद काढण्याची जबाबदारी कचेरीवर आली.

(७) हें समाधान फार टिकलें नाहीं. १९३१ च्या आर्थिक संकटांत भत्ता शेंकडा १० नें कापला. त्याच वर्षीं नोव्हेंबरपासून, ज्यांनीं विम्याचे २६ आठवडे संपविले होते त्यांस सांपत्तिक चौकशी लागू झाली. ही चौकशी जुन्या गरिबांच्या कायद्याचें काम पाहणाऱ्या स्थानिक समित्यांकडे दिली होती. आतां माणसाचें पुस्तक नव्हे, मनहि नव्हे, तर त्याचें घर हा पुरावा झाला. मुलगा काय मिळवितो, बहीण काय आणते, म्हाताऱ्या बापाचें पेन्शन किती, पेटींत शिल्लक काय, हें विचारण्यास अधिकारी घरीं येऊं लागले. मिळवत्या मुलाच्या जिवावर बाप अन्न खातो असा हिशेब होऊन बापाचा भत्ता कमी होई. आणि कित्येक घरांतून मिळवतीं मुलें निराळीं राहावयास गेलीं. इंग्लंडच्या उत्तरेकडील गांवांत व वेल्समधील खाणींच्या खोऱ्यांत ‘मीन्स टेस्ट’ हे दोन शब्द पुढें एक पिढीभर शिवीसारखे उच्चारले जात.

कागदाच्या दृष्टीनें एक गोष्ट येथें नोंदण्यासारखी आहे. सर्व समित्या सारख्या कडक नव्हत्या. रॉदरहॅम शहरांतील व डरहॅम परगण्यांतील समित्या सरकारच्या मतें फार सढळ होत्या, म्हणून १९३२ सालीं त्यांचें काम काढून घेऊन तेथें सरकारनें आपले कमिशनर बसविले. म्हणजे एकाच स्थितींतील दोन कुटुंबांस, ते कोणत्या समितीच्या हद्दींत राहतात यावरून, निराळा निकाल मिळत होता. १९३४ च्या कायद्यानें हें काम एका मध्यवर्ती मंडळाकडे दिलें. त्या मंडळाचे दर १९३५ च्या जानेवारींत लागू झाले, तेव्हां पुष्कळांचा भत्ता पूर्वींहून कमी झाला, आणि इतका लोकक्षोभ उसळला कीं फेब्रुवारींत सरकारला ते दर थोपवून धरावे लागले. घरच्या सर्वांची मिळकत धरण्याची ही रीत बहुतांशीं रद्द झाली ती १९४१ सालीं.

पुढें बेव्हरिज यांचा सुप्रसिद्ध अहवाल १९४२ च्या डिसेंबरांत बाहेर पडला, व १९४६ च्या कायद्याची व्यवस्था ५ जुलै १९४८ रोजीं अमलांत आली. तिकिटांचा विमा पुन्हां पायाशीं आला. तथापि जुना प्रश्न कायमचा गाडला गेला नाहीं. १९८९ च्या कायद्यानें ‘खटपटीनें काम शोधीत असणें’ ही अट पुन्हां आणिली. १९९६ च्या ऑक्टोबरांत भत्त्याचें नांवच ‘काम शोधणाराचा भत्ता’ असें झालें. आणि २०१३ पासून जी नवी योजना टप्प्याटप्प्यानें आली तींत अर्जदार आपण कोठें कोठें काम शोधिलें हें संगणकावरील रोजनिशींत लिहितो. १९२५ सालीं तोंडीं सांगावयाची यादी शंभर वर्षांनंतर पडद्यावर लिहिली जाते. साधन पालटलें, पण भार पुन्हां अर्जदाराच्याच माथीं आहे.

(८) हा सारा इतिहास परक्या देशाचा म्हणून बाजूस ठेवतां येणार नाहीं. महाराष्ट्रांत वि. स. पागे यांच्या प्रयत्नानें रोजगार हमीची कल्पना पुढें आली, १९७२ च्या दुष्काळाच्या काळांत ती राज्यभर कामास लागली, आणि १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. काम मागणाऱ्यास १५ दिवसांत काम न मिळाल्यास त्यास बेकारी-भत्ता द्यावा असें त्या कायद्यांत होतें. २००५ च्या केंद्रीय कायद्यानेंहि तीच मुदत ठेविली. या १५ दिवसांची मोजणी कोठून करावयाची? काम मागितल्याच्या तारखेपासून. ती तारीख कशावरून? अर्जाच्या पोंचेवरून. म्हणून केंद्रीय कायद्यांत तारीख घातलेली पोंच देण्याचें बंधन मुद्दाम घातलें होतें. पोंच हातीं नसेल तर मागणी झालीच नाहीं असें म्हणण्यास जागा राहते, आणि मग भत्त्याचें कलम पुस्तकांतच राहतें. चार बोटांची ती चिठी ही त्या मजुराची सनद होय, असें म्हटलें तर त्यांत अतिशयोक्ति नाहीं.

मुंबईच्या गिरणी-कामगारांचें उदाहरण याहून जवळचें. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पुढें गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांसाठीं घरें बांधण्याचें ठरलें व २०१२ सालीं मोठी सोडत निघाली, तेव्हां १ जानेवारी १९८२ रोजीं किंवा त्यानंतर आपण गिरणींत कामास होतों हें अर्जदारास शाबीत करावें लागलें. गिरणी पाडलेली, दप्तर पांगलेलें. ज्याच्या ट्रंकेच्या तळाशीं गिरणीचें तिकीट, पगाराची पावती किंवा भविष्यनिर्वाह निधीचा कागद राहिला होता त्यास आधार मिळाला. तीस वर्षांपूर्वीं निरुपयोगी म्हणून टाकून दिलेल्या चिठ्या किती मोलाच्या होत्या हें तेव्हां कळून आलें.

(९) वरील विवेचनावरून संग्राहक मंडळींस आमची एक विनंति आहे. सनदा, फर्मानें, वंशावळी व पोथ्या यांचा संग्रह आपण निष्ठेनें केला, व त्याचें ऋण महाराष्ट्र मानतोच. परंतु कामगारांचे व मजुरांचे कागद आजहि रद्दीच्या भावानें जातात. रोजगार हमीचीं जुनीं हजेरीपत्रकें, कामाच्या मागणीच्या पोंचा, गिरण्यांचीं तिकिटें व बदलीचे पास, नांव-नोंदणी कचेरीचीं कार्डें, नामंजुरीचीं पत्रें, हें सर्व आपल्या कपाटांत येण्यास योग्य आहे. कागद मिळाला कीं तो कोणत्या गांवांतून, कोणाच्या घरून व कोणत्या सालचा आला याची टीप त्यास जोडावी. मालक हयात असेल तर मूळ कागद त्याच्यापाशींच राहूं द्यावा व आपण नक्कल अथवा छायाचित्र घ्यावें; कारण त्या कागदाचें काम अद्याप संपलें असेलच असें नाहीं.

नामंजुरीचीं पत्रें मुद्दाम जपावीं असें आम्ही सुचवितों. ज्यास भत्ता मिळाला त्याचें नांव सरकारी हिशेबांत कोठें ना कोठें राहतें. ज्याची मागणी फेटाळली गेली त्याची हकीकत बहुधा त्या एका चिठीवरच असते. बेव्हरिजबाईंनीं गुलबदनची एकुलती एक प्रत हातीं घेतली नसती, तर बाबराच्या मुलीनें घरांतील बायकामाणसांविषयीं जें लिहून ठेविलें तें इंग्रजी वाचकांस फार उशिरां कळतें. एकुलत्या एका प्रतीची किंमत आपण जाणतों. दारावरून परतलेल्या मजुराचा कागद हाहि बहुधा एकुलताच असतो.